तुझं इच्छामरणावरचं भाषण वाचलं

अरे,

वादविवाद स्पर्धेत इच्छामरणाच्या बाजूने करायच्या भाषणाचा तुझा ड्राफ्ट मिळाला, सावकाश वाचला. भाषेला जोर आहे आणि 'माझं शरीर, माझं मरण, माझा निर्णय' ही ओळ टाळ्या घेणार यात शंकाच नाही. पण टाळ्या थांबल्या की समोरून कोणीतरी विचारेल, तू नक्की कशाला परवानगी मागतोयस? आणि तिथे तुझी गोची होणार, कारण पहिल्या पानावर तू व्हेंटिलेटर काढण्याबद्दल बोलतोस, पुढच्यावर स्वित्झर्लंड, त्याच्या पुढच्यावर नेदरलँड्स, आणि सगळं एकाच गाठोड्यात बांधून मोकळा होतोस.

हे मी पटकन उरकते, पुस्तकात तुला सापडेलच. उपचार नाकारणं किंवा चालू असलेले थांबवणं ही एक गोष्ट, आजार त्याच्या वाटेने जातो आणि आपण मध्ये पडायचं थांबतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर कित्येक वर्षं भान हरपून पडून असलेल्या मुंबईच्या नर्स) प्रकरणात याचं दार किलकिलं केलं, ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरणं हा कलम २१ चाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच, भाग आहे म्हणून लिव्हिंग विलला (पुढे असे उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, पण तेव्हाची पद्धत एवढी किचकट होती की प्रत्यक्षात ती वापरणं जवळजवळ अशक्यच, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, आणि वेळ आली की दोन मेडिकल बोर्ड. दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टर औषध लिहून देतो पण घेतो तो पेशंट स्वतः, हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून चालू आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर १९४२ पासून मदत करणाऱ्याचा हेतू स्वार्थी नसेल तर तो गुन्हाच धरत नाहीत. तिसरी, डॉक्टर स्वतःच्या हाताने इंजेक्शन देतो: नेदरलँड्स आणि बेल्जियम २००२, कॅनडा २०१६, स्पेन २०२१. आपल्याकडे दुसरी आणि तिसरी दोन्ही गुन्हा आहेत. पहिलीला मनापासून विरोध करणारे आता थोडेच उरलेत, खरं भांडण पुढच्या दोघींवर आहे. म्हणजे तुझी व्हेंटिलेटरची सगळी उदाहरणं भावनिक आहेत पण वादात ती तुझ्या कामाची नाहीत, उलट समोरचा म्हणेल 'हे तर आम्हालाही मान्य आहे' आणि तुझं पान गेलं.

आणि प्लीज, वेदनेवर देतात त्या मॉर्फिनला यात ओढू नकोस. 'डॉक्टर मॉर्फिन वाढवून हळूच सोडवतातच की' हे वाक्य तू कुठून उचललंस माहीत नाही. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही, अनेकदा त्याला पहिल्यांदा झोप लागते. ह्या गैरसमजापायी किती घरांत नातेवाईक बाटली कपाटात लपवून ठेवतात हे मी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. तुझा सगळा युक्तिवाद वेदनेवर उभा आहे. असह्य वेदना, म्हणून सुटका. पण ओरेगॉनचं आरोग्य खातं दरवर्षी अहवाल काढतं, त्यात लोकांनी औषध का मागितलं याची कारणं असतात. सगळ्यात वर वर्षानुवर्षं तेच: स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा चाललाय, ज्या गोष्टींत आनंद होता त्या करता येत नाहीत, आत्मसन्मान राहिला नाही. घरच्यांवर ओझं झालोय, हेही बऱ्याच जणांच्या बाबतीत नोंदलेलं असतं. वेदना, किंवा पुढे होईल अशी वेदनेची भीती, ह्या सगळ्यांच्या खाली येते. आणखी एक, औषध लिहून घेतलेल्यांतले साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. आता हे तू कसं वापरणार ते बघ, कारण हा आकडा दोन्ही बाजूंना हवा असतो. एक म्हणतो, बघा, लोकांना मरायचं नव्हतंच. दुसरा म्हणतो, बघा, उशाशी चावी आहे एवढ्या दिलाशावर ते जगले. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.

मी मुळात भूलतज्ज्ञ, पेन क्लिनिकमधून हळूहळू पॅलिएटिव्हकडे (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या उपचारांकडे) सरकले, त्यामुळे 'आता सोडवा' हे वाक्य मी खूप ऐकलंय. एक गृहस्थ होते, जबड्याचा कॅन्सर, बोलता येत नव्हतं, वहीत लिहायचे. भेटीला गेलं की पहिली ओळ ठरलेली, 'सोडवा.' मी विचारलं, दिवसातला सगळ्यात वाईट वेळ कोणता? त्यांनी लिहिलं, 'सकाळचं ड्रेसिंग.' आदल्या दिवशीचं गॉज जखमेला वाळून चिकटायचं आणि ते तसंच ओढून काढलं जायचं. दुसरं म्हणजे वास. नात खोलीत यायची बंद झाली होती, दारातूनच हात हलवायची. आम्ही काय केलं तर गॉज आधी सलाईनने भिजत ठेवायला सांगितलं, ड्रेसिंगच्या आधी वेळ धरून मॉर्फिनचा डोस, आणि वासासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर. यात कसलंही मोठं विज्ञान नाही आणि खर्चही नाही. वास गेला, नात आत यायला लागली, पलंगावर बसून गृहपाठ करायची. आजाराने ते पुढे गेलेच, पण 'सोडवा' हे परत लिहिलं नाही.

ह्या गोष्टीवर थांबून 'बघा, म्हणून कायदा नको' म्हणणारे माझे कितीतरी सहकारी आहेत. मी नाही म्हणत, कारण मला दुसऱ्या एक बाईही आठवतात. मोटर न्यूरॉनचा आजार, हातपाय गेलेले, गिळणं चाललेलं, बुद्धी लख्ख. डिप्रेशन तपासलं, नव्हतं. घरचे जीव टाकणारे. दुखणं आटोक्यात. आणि तरी दर भेटीत अगदी शांतपणे, आवाज न चढवता तेच म्हणायच्या, की जे करता येण्यासारखं होतं ते तुम्ही केलंत, मला कशाचीही तक्रार नाही, मला शेवटचा टप्पा बघायचा नाहीये. मी त्यांना सांगू शकले ते एवढंच की श्वासाचं मशीन लावायचं नाही हा तुमचा हक्क आहे आणि घुसमट होऊ न देणं ही माझी जबाबदारी. त्यांना हवं होतं ते त्याच्या पलीकडचं. तुझं भाषण ह्या बाईंबद्दल हवं. पहिल्या गृहस्थांबद्दल बोललास तर हरशील, आणि हरायलाच हवं.

विरोधी बाजूचं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे घसरगुंडी, एकदा सुरू झालं की थांबत नाही. ह्याला तू 'हा निव्वळ भयगंड आहे' असं लिहिलंयस, ते काढ. कॅनडा बघ. २०१६ ला सुरुवात झाली तेव्हा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असायला हवा होता, २०२१ ला ती अट गेली, अपंगांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, म्हणाल्या जगायला मदत मिळत नाही आणि मरायला लगेच मिळते. २०२३ मध्ये तिथे १५,३४३ लोक ह्या मार्गाने गेले, एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. फक्त मानसिक आजार असलेल्यांसाठी ते खुलं करायचं हे मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकललंय. पण मग ओरेगॉनही बघ. १९९७ पासून सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असण्याची अट आहे ती आजही आहे, नियम इकडे तिकडे सैल झाले, रहिवासी असण्याची अटसुद्धा गेली, पण ती मुख्य अट हलली नाही.

का? माझं मत सांगते, पटलं तर घे. कायदा कशाच्या पायावर उभा केलाय त्यावर सगळं आहे. 'मरण जवळ आलंय' हा पाया असेल तर कुंपण टिकतं, कारण ते बाहेरून तपासता येतं, निदान अंदाज तरी बांधता येतो. 'असह्य यातना' हा पाया घेतला, जसा नेदरलँड्सने घेतला, की मग कोणीही विचारणार, त्याच्या यातना खऱ्या आणि माझ्या खोट्या का? आणि ह्याला प्रामाणिक उत्तर नाही. बेल्जियमने २०१४ मध्ये मरणासन्न मुलांसाठी वयाची अट काढली ती काही क्रूरपणाने नाही काढली, त्यांच्याच तर्काने पुढचं पाऊल तिथेच पडत होतं. म्हणून घसरण होते की नाही हा प्रश्न सोड, कोणत्या पायावरून होते हे सांग, समोरच्या टीमकडे त्याची तयारी नसेल.

तू 'आधीच लिहून ठेवलं की प्रश्न मिटला' असं म्हटलंयस, त्यावरही जरा. २०१६ ची नेदरलँड्समधली केस शोध. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेली वृद्ध बाई, शुद्धीत असताना तिने लिहून ठेवलेलं की अशी वेळ आली तर मला इच्छामरण हवं, पण 'कधी' ते मी सांगेन असंही त्यात होतं. वेळ आली तेव्हा तिला काही धड सांगता येईना. डॉक्टरने तिच्या कॉफीत गुंगीचं औषध घातलं, आणि इंजेक्शनच्या वेळी ती उठून बसायला लागली तेव्हा घरच्यांनी तिला धरलं. २०१९ मध्ये डॉक्टर निर्दोष सुटली, २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. कायदा झाला, ठीक. पण ऐकायचं कोणाचं, कागदावरच्या बाईचं की उठून बसणाऱ्या? मला रात्री दोनला जाग आली की ही केस आठवते. शानबाग प्रकरणात तर कागदही नव्हता, एका लेखिकेने त्यांच्या वतीने अर्ज केला, आणि कोर्टाने म्हटलं की त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षं त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या हॉस्पिटलच्या स्टाफचा, आणि त्या नर्सेसना त्या जगायला हव्या होत्या.

माझं स्वतःचं काय, असं तू शेवटी विचारलंयस. उपचार थांबवण्याचा हक्क, पूर्ण, आणि तो वेळेत मिळावा. मरण अगदी जवळ आलेल्या, शुद्धीतल्या माणसाने स्वतः औषध घेणं, इथपर्यंत मी आता अर्धीमुर्धी तयार झालेय, पण अट एकच, आधी पॅलिएटिव्ह केअर खरोखर दिलेली असावी, फॉर्मवर टिक केलेली नव्हे. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं होतं की २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली, आणि अजूनही कित्येक ठिकाणी ते मिळत नाही. जिथे मॉर्फिन मिळत नाही तिथे इच्छामरणाला 'निवड' म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि तिसरा प्रकार, इंजेक्शनचा, तो मी करणार नाही. तुझ्या सगळ्या भाषणात पेशंट आहे, कुटुंब आहे, राज्यघटना आहे, सिरिंज धरणारा माणूस कुठेच नाही. मी आयुष्यभर लोकांना झोपवलं ते परत उठवायच्या बोलीवर, शेवटचा टाका पडला की नाव घेऊन हाक मारायची, डोळे उघडा म्हणायचं. तीच सिरिंज, तीच शीर, आणि हाक मारायची नाही, हे मला जमणार नाही. दुसऱ्या कोणाला जमत असेल तर मी त्याला खुनी म्हणणार नाही. ज्या देशांत कायदा आहे तिथे डॉक्टरला नकार द्यायची मुभा असते, ती तुझ्या मसुद्यात टाक.

शेवटचं, समोरची टीम नाझींचा टी-४ कार्यक्रम (अपंग आणि मनोरुग्णांना ठार मारण्याचा) काढणारच, नेहमी काढतात. उत्तर सोपं आहे, तिथे कोणी मागितलं नव्हतं, कोणाला विचारलंही नव्हतं, सरळ कत्तल होती. पण एवढं बोलून खाली बसू नकोस, कारण १९३९ च्या त्या हुकमात शब्द 'दयेचं मरण' असेच होते आणि ते द्यायचा अधिकार डॉक्टरांना दिला होता, हे परीक्षकांना माहीत असणार. ते तूच आधी सांगितलंस तर बरं.

पहिलं पान पूर्ण काढ, कॅनडाचा परिच्छेद नव्याने लिही, आणि रविवारपर्यंत पाठव, सोमवारपासून मी ओपीडीत अडकलेली असेन.

तुझी,
मॅडम