राखाडी सैनिकांचं कपाट

"मॅडम, घेतलेलं पूर्ण करत नाही आणि नवीन आणतच राहतो. मी आळशी आहे की मला व्यसन लागलंय?"

हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकते. कुणाकडे न वाचलेली पुस्तकं साठलेली असतात, कुणाकडे न विणलेली लोकर. या वेळी विचारणारा होता अडतिशीतला इंजिनिअर. मूळचा पेणचा, आता इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) आमच्या समुपदेशनाच्या बैठका व्हिडिओवर व्हायच्या.

त्याचा छंद वॉरहॅमर. १९८३ साली सुरू झालेला, टेबलावर सैन्य मांडून, फासे टाकून खेळायचा युद्धखेळ. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्य ठाणं नॉटिंगहॅमलाच. जेमतेम दीड इंचाचे सैनिक राखाडी प्लास्टिकच्या चौकटीत सुट्या भागांत मिळतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. याचं घोडं रंगवण्यावर अडलं होतं.

आधी मी कर्जाचं विचारलं, झोपेचं, ऑफिसचं. कर्ज असतं तर आमची वाट वेगळी झाली असती. ते नव्हतं. मग म्हटलं, पुढच्या वेळी मोजून या. त्याने तोवर कधी मोजलेच नव्हते. एकूण निघाले २१२, त्यातले रंगवलेले १९.

रंगवलेल्यांपैकी पहिला त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. चेहऱ्यावर रंगाचा जाड थर बसून नाकडोळे बुजून गेले होते. तो रंगवल्यावर आठवड्याभरात हा वॉरहॅमर वर्ल्डमधलं, म्हणजे कंपनीच्याच नॉटिंगहॅमच्या केंद्रातलं, प्रदर्शन बघून आला. काचेआडचे ते सैनिक, त्यांच्या चिलखताच्या कडेकडेने ओढलेली केसासारखी रेघ. पुढचे अठरा कसेबसे झाले आणि ब्रश थांबला. खरेदी मात्र थांबली नाही. "न रंगवलेला अजून बिघडलेला नसतो ना," तो म्हणाला. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आळशी माणूस असं बोलत नाही. त्याला हातून बिघडण्याची धास्ती होती.

पेण म्हटल्यावर मला राहवेना. "तुमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात नव्या पोराला डोळे आखायला देतात का हो?"

तो खळखळून हसला. "डोळे? माझ्या काकांनी कित्येक वर्षं नुसती पितांबरं रंगवली!" आणि मग सांगतच सुटला. फळ्यांवर ओळीने मूर्ती. आधी सगळ्यांना पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, मुकुट, दागिने. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, तीही सरावलेल्या हाताची. एक मूर्ती पुरी करून दुसरी घ्यायची, असं कुणी करतच नाही. दहा मिनिटं मी मध्ये बोलले नाही. माझ्या मते सगळ्या बैठकांमधली हीच दहा मिनिटं मोलाची होती.

पुढचं त्याने स्वतःच ठरवलं. एका वेळी पाचच सैनिक. पाचांचे बूट, मग पाचांचे पट्टे. डोळे आखायचेच नाहीत. खोबणीत पातळ काळपट रंग सोडला की टेबलावर, हातभर अंतरावरून पुरतं. बाकीचे खोक्यात बंद, नजरेआड. पूर्वी रंग काढा, कागद पसरा, पाणी आणा, अशी नमनालाच घडाभर तेल जायची गत होती. आता एका ट्रेमध्ये सगळं मांडलेलंच असतं. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. तो चार दिवस वाळत नाही. लेक झोपली की वीस मिनिटं.

आणि बिघडलं तर? त्याचं उत्तरही त्यालाच ठाऊक होतं: ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ब्रशने घासला की निघतो. बाटली घरात होती. ती एकदाही उघडली नव्हती.

एका बैठकीला बायको आली. मला वाटलं, पैशांवरून बोलेल. ती म्हणाली, "रविवारी हा त्या कपाटासमोर उभा राहतो आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही." तो गप्प झाला. त्याच आठवड्यात त्याने साठ सैनिक क्लबातल्या मुलांना देऊन टाकले. फक्त स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले होते ते.

तिसऱ्या महिन्यात त्याने नवा खोका आणला, दहा सैनिकांचा. मान खाली घालून सांगितलं. मी रागावले नाही, फक्त वार विचारला. ऑफिसात साहेबाने चारचौघांत झापलं होतं, तोच दिवस. तिथून पुढच्या तीन बैठका आम्ही ऑफिसवरच बोललो. सैनिकांचं नावही निघालं नाही. छंदाचं दुखणं बऱ्याचदा छंदात नसतंच, म्हणून अशा वेळी नुसतं "खरेदी बंद करा" सांगणं मला पटत नाही.

पाच महिन्यांनी त्याच्याकडे न रंगवलेले १०८ उरले होते. शेवटच्या बैठकीत त्याने ताजे पाच दाखवले. त्यांच्या सरदाराचे डोळे मात्र आखले होते. डावा जरा वर चढलेला.

"अल्कोहोलची बाटली काढणार?" मी विचारलं.

"नको, राहू दे. गुरुवारी डाव आहे, हाच पुढे उभा राहणार."