कॅथलिक शाळेत मुलांनी सेवाकार्य सक्तीने नव्हे, आनंदाने करावं यासाठी काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की शाळेत सेवेचा उपक्रम सुरू केला, पहिल्या महिन्यात हात भराभर वर आले आणि दुसऱ्या महिन्यात मुलं कारणं सांगू लागली. शिवाय निम्मी मुलं ख्रिस्ती नाहीत, त्यांना यात कसं घ्यायचं?

आधी उपक्रमातून काय काढून टाकायचं ते सांगतो. गुण, प्रमाणपत्र, तासांची नोंद आणि 'कोणत्या वर्गाने जास्त जमवलं' ही स्पर्धा, हे चारही काढा. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला बजावलं होतं की देणं भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. वर्गांची स्पर्धा लावली की नेमकं 'भाग पडणं' सुरू होतं. ज्या मुलाच्या घरचा डबा महिनाअखेरीस रिकामा असतो, त्याला सगळ्यांसमोर काहीच आणलं नाही म्हणून मान खाली घालावी लागते. ते मूल पुन्हा कधी मनापासून पुढे येणार नाही, आणि त्यात चूक आपली असते.

दुसरी चूक वेळेची. आपल्याकडे सगळा जोर उपवासकाळावर, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांवर असतो. त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान येतो, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर. ५ सप्टेंबरला मदर तेरेसांचा सण असतो, पण तोच शिक्षक दिन, त्यामुळे त्या दिवशी दुसरं काही जमत नाही. चर्चचा गरिबांचा जागतिक दिन नोव्हेंबरच्या १३ ते १९ तारखांमधल्या रविवारी येतो आणि बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीला चिकटतो. म्हणून मुख्य काम जुलैत सुरू करा आणि २७ सप्टेंबरला, गरिबांच्या सेवेसाठी ओळखले जाणारे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या सणाला, त्याचा पहिला टप्पा पूर्ण करा. उपवासकाळासाठी एखादं छोटं, घरच्या घरी करता येणारं काम ठेवा.

आता वृद्धाश्रमाची भेट. सर्वाधिक शाळा हीच निवडतात आणि सर्वाधिक घोळही इथेच होतो. साठ मुलं बसमधून नेली, दोन गाणी म्हटली, फळं वाटली, फोटो काढले. मुलांना वाटतं आपण कार्यक्रम केला, आजी-आजोबांना वाटतं आपल्याला बघायला आले होते. त्याऐवजी बारा ते सोळा मुलं, दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मुली असतील तर बाई हव्याच. दोन मुलांची एक जोडी आणि प्रत्येक जोडीला एकच आजी किंवा आजोबा, वर्षभर तेच. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये मित्रांसोबत जी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही सेवासंस्था उभी केली, तिचे सदस्य गरिबांच्या घरी असेच दोघादोघांनी जात आले आहेत. एकटं मूल गांगरतं, तिघं असली की आपसात बोलत बसतात.

महिन्यातून एकदा, सव्वा तास पुरे. सकाळी दहा ते सव्वाअकरा ही वेळ बरी, कारण नाश्ता, आंघोळी उरकलेल्या असतात आणि जेवणाची गडबड सुरू झालेली नसते. दोन दिवस आधी आश्रमाच्या सिस्टरांना फोन करून कोण आजारी आहे ते विचारा. मिठाई नेऊ नका, तिथल्या अनेकांना मधुमेह असतो. सर्दी-खोकला असलेलं मूल त्या दिवशी शाळेतच राहील. पलंगावर बसायचं नाही, खुर्ची ओढून समोर बसायचं. कानाने कमी ऐकणाऱ्यांशी मुलं ओरडून बोलतात. ओरडल्याने शब्द उलट फाटतात. ओठ दिसतील असं बसून सावकाश, थोड्या खालच्या पट्टीत बोलायला शिकवा. आदल्या दिवशी वर्गात दहा मिनिटं याचा सराव घेतलात की पुरतं.

पहिल्या भेटीत पंधराव्या मिनिटाला बोलणं संपतं, हे धरूनच चाला. म्हणून हाताला काम द्या: लसूण सोलणं, वाती वळणं, वर्तमानपत्र वाचून दाखवणं, पत्त्यांचा डाव. हात चालू असले की तोंडही चालू होतं. 'आम्ही परत येऊ' असं मोघम म्हणू देऊ नका, पुढची तारीख सांगूनच निघा आणि ती पाळा. माझ्या मते मुलांचा आनंद नेमका तिसऱ्या भेटीत उगवतो, जेव्हा आजी नावाने हाक मारतात. तोपर्यंत शिक्षकांनी धीर धरायला हवा.

धान्य जमवायचं असेल तर 'प्रत्येकाने मूठभर तांदूळ' हा प्रकार टाळा. ऐकायला गोड आहे, पण कोलम, इंद्रायणी, बासमती आणि उकडा एकाच पिंपात पडतात. शिजवताना निम्म्याचा गिचका होतो, निम्मा कच्चा राहतो. एखाद्या घरचा जुना तांदूळ पोरकिडे घेऊन येतो आणि सगळं पिंप बिघडवतो. वर्गाला एकच जिन्नस द्या: एका वर्गाने तूरडाळ, दुसऱ्याने साखर, तिसऱ्याने चहापत्ती. खोका बंद, वर फट, दारामागे ठेवलेला, कोणी काय टाकलं ते कोणालाच दिसू नये. कोणी जिन्नसाऐवजी पैसे टाकले, तर त्यातून तांदूळ एकत्र विकत घ्या. चार माणसांच्या घराला ५ किलो तांदूळ, १ किलो डाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, पाव किलो चहा एवढं साधारण बारा-तेरा दिवस जातं. वाटप शाळेच्या हॉलमध्ये कधीही नको. घेणाऱ्यांत आपल्याच विद्यार्थ्याचे आईवडील असू शकतात. धर्मग्रामातल्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे द्या, त्यांना घरं माहीत असतात आणि ते गाजावाजा न करता पोहोचवतात.

बाहेर जायच्या आधी शाळेच्या आवारातच बघा. आठवीच्या मुलांनी दुसरीतल्या कच्च्या वाचकांसोबत आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं बसणं, याला खर्च शून्य आणि फळ डोळ्यांसमोर. शिपाईकाका आणि सफाईच्या मावशी यांची नावं मुलांना ठाऊक नसतील, तर सेवेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

इतर धर्मांच्या मुलांबद्दल. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, ही दयेची कामं कोणालाही परकी नाहीत, तेव्हा कामात सगळे. प्रार्थनेचं मात्र वेगळं ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला उपासनेत बसवता येत नाही. फादरांची प्रार्थना निघण्याआधी, ऐच्छिक; आणि परतल्यावर सर्वांनी मिळून पंधरा मिनिटं बोलणं. तीनच प्रश्न: काय पाहिलं, काय अवघड गेलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू? 'तुम्हाला किती आनंद झाला?' हे विचारू नका, मुलं हवं तेच उत्तर देतात.

या बोलण्यातलं उपयोगाचं एका वहीत मुलांनाच लिहू द्या: कोणत्या आजींना डाव्या कानाने ऐकू येतं, कोणाला भजन आवडतं, कोणाला नुसतं शेजारी बसलेलं चालतं. जानेवारीच्या भेटीला पुढच्या वर्षीची जोडी सोबत न्या, जुन्या मुलांनी आजींशी ओळख करून द्यावी आणि वही त्यांच्या हातात ठेवावी.