लहान दिवस, मोठा दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, असे आपण शिकतो. मग सूर्यास्त त्याच्या कितीतरी आधीपासून उशिरा होऊ लागतो आणि सूर्योदय मात्र जानेवारीतही पुढेच जात राहतो, हे कसे?

आपले निरीक्षण अचूक आहे आणि शिकवलेले विधानही खरे आहे. दिवसाची लांबी आणि दिवसाचा मध्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्या एकच धरल्या की हे कोडे उभे राहते. सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो क्षण, म्हणजे खरा मध्यान्ह, घड्याळात रोज त्याच वेळी येत नाही. एका मध्यान्हापासून पुढच्या मध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभराच्या सरासरीने २४ तास भरतो, परंतु डिसेंबरच्या अयनदिनाजवळ, म्हणजे सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास (वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांना अयनदिन म्हणतात), तो सुमारे ३० सेकंदांनी जास्त असतो.

याची कारणे दोन आहेत. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि त्या काळात तिचा कक्षेतील वेग वाढलेला असतो, त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेवर आणण्यासाठी तिला स्वतःभोवती थोडे अधिक फिरावे लागते. शिवाय अयनदिनाजवळ सूर्याचे ताऱ्यांमधून होणारे सरकणे उत्तर-दक्षिण जवळजवळ नसते, ते सारे पूर्वेकडे होते आणि त्यानेही हा जादा वेळ वाढतो.

आता २० उत्तर अक्षांशावरचा हिशेब पाहा. २१ ते ३१ डिसेंबर या दहा दिवसांत दिवस जेमतेम दीड मिनिटाने वाढतो, पण मध्यान्ह जवळजवळ पाच मिनिटांनी पुढे सरकतो. परिणामी सूर्यास्त साडेपाच मिनिटांनी उशिरा होतो आणि सूर्योदयही चारएक मिनिटांनी लांबतो. याच अक्षांशावर सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर होतो. ४० अंशांवर हे अंतर आक्रसून साधारण ८ डिसेंबर आणि ४ जानेवारी असे होते, आणि ६० अंशांवर दोन्ही तारखा अयनदिनाच्या आठवड्याभराच्या आत येतात, कारण तिथे दिवसाची लांबीच इतक्या झपाट्याने बदलते की मध्यान्हाचे सरकणे तिच्यापुढे फिके पडते.

प्रश्न : डिसेंबरअखेर दिवस वाढल्याचे मुळीच जाणवत नाही, मार्चमध्ये मात्र तो भराभर मोठा होतो. वाढ रोज सारखी का नसते?

दिवसाची लांबी सूर्याच्या क्रांतीवर, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर, अवलंबून असते. ही क्रांती वर्षभरात २३.४ अंश उत्तर ते २३.४ अंश दक्षिण अशी हेलकावते. झोका टोकाशी क्षणभर थबकतो आणि मधून वेगाने जातो, तसेच येथे घडते. संपाताच्या, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवसाच्या (जसे २१ मार्च), सुमारास एका दिवसात क्रांती जेवढी बदलते, तेवढी बदलायला अयनदिनानंतर सुमारे दहा दिवस लागतात.

हे स्वतः पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून खऱ्या मध्यान्हाला तिची सावली मोजावी. २० उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरला ती सुमारे ९५ सेंटीमीटर भरते आणि दहा दिवसांनी फक्त सव्वा सेंटीमीटरने आखूड होते. २१ मार्चपासूनच्या दहा दिवसांत मात्र तीच सावली ३६ सेंटीमीटरवरून २९ सेंटीमीटरवर येते. मोजपट्टीवर हा फरक एकदा पाहिला की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

प्रश्न : २१ मार्चला दिवस-रात्र खरोखर समसमान असतात का?

अगदी समान नसतात, दिवस काही मिनिटांनी मोठा असतो. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय मानतो, त्याचा मध्य क्षितिजावर येईपर्यंत थांबत नाही. त्यातच वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखाली अर्ध्या अंशाहून थोडा अधिक असलेला सूर्यही आपल्याला दिसतो. विषुववृत्तावर याच कारणांनी दिवस बाराही महिने सुमारे १२ तास ७ मिनिटांचा भरतो.

प्रश्न : उत्तरेकडे जावे तसा हा फरक किती वाढतो? आणि दक्षिण गोलार्धात सारे उलटे होते का?

२० अंशांवर सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे १०  तास ५५ मिनिटांचा असतो. ६० अंशांवर तेच आकडे पावणेएकोणीस तासांहून थोडे अधिक आणि सहा तासांहून थोडे कमी असे होतात. संपाताजवळ तिथे दिवस रोज पाच मिनिटांहून अधिक बदलतो, तर २० अंशांवर मिनिटाहून किंचित जास्त. सुमारे ६६.५ अंशांच्या पलीकडे जूनच्या अयनदिनी सूर्य मावळतच नाही.

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटतात, पण मध्यान्हाचे सरकणे साऱ्या पृथ्वीवर एकच असते. म्हणून तिथे डिसेंबरात सर्वांत मोठा दिवस येतो आणि सर्वांत लवकरचा सूर्योदय त्याच्या आधी, तर सर्वांत उशिराचा सूर्यास्त त्याच्या नंतर होतो. जूनमध्ये हीच तफावत दोन्ही गोलार्धांत कमी राहते. पृथ्वी तेव्हा सूर्यापासून दूर असल्याने संथ चालते, वर सांगितलेली दोन कारणे एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि मध्यान्ह रोज सुमारे १३ सेकंदच पुढे सरकतो.