प्रश्न तुमचे : उठावकामाचं पितळ

प्रश्न : ग्लासगोच्या जुन्या बाजारातून मुलीने आरशाची पितळी चौकट आणली. मोरांची उठावदार नक्षी आहे, मागे 'एम. जी.' अशी अक्षरं. ग्लासगोच्या धातुकलाकार मार्गारेट गिल्मर यांचंच काम ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. मार्गारेट आणि मेरी या गिल्मर बहिणींनी १८९३ मध्ये वेस्ट जॉर्ज स्ट्रीटवर स्टुडिओ थाटला आणि दोघींची आद्याक्षरं एकच! त्यातून मोर तर त्या काळी सगळ्यांचाच आवडता. आधी चौकट उलटी करा. हातकामात पाठीवर छिन्नीचे बारीक ठसे एकापुढे एक दिसतात. साच्यात दाबलेल्या पत्र्याची पाठ गुळगुळीत असते आणि डावा मोर उजव्याशी तंतोतंत जुळतो. हातचे दोन मोर कधी जुळत नाहीत.

प्रश्न : ०.६ मि.मी. पितळी पत्र्यावर पानाची नक्षी उठवताना टोकाला चीर गेली. पत्र्याखाली आधाराला घेतलेली राळ घट्ट होती का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : राळेची परीक्षा सोपी आहे: गार झाल्यावर नख दाबलं की पुसट खूण उमटायला हवी. उमटत नसेल तर मंद आचेवर वितळवून थोडं तेल घाला. भडका उडू शकतो, तेव्हा झाकण हाताशी असू द्या. पण आमचा पहिला संशय पत्र्यावर. पितळ ठोकून कडक होतं, छिन्नी उसळायला लागते, आवाज खणखणीत होतो. तिथेच थांबायचं. पत्रा सोडवून राळ पुसा, अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवा, म्हणजे तो पुन्हा नरम होतो. त्याहून जास्त तापवलंत तर पृष्ठभाग खरबरीत होतो. लाली गेल्यावरच पाण्यात टाका, नाहीतर पितळ तडकू शकतं. पुन्हा बसवताना राळेत हवा राहिली तर तेवढाच भाग खचतो.

टोकाला धातू मुळात कमी, आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात! गोल तोंडाच्या छिन्नीने पानाचं पोट आधी उठवा, मग टोकाकडे या. सगळी उंची एका दमात नको: मागून थोडं उठवा, उलटून कडा बसवा, पत्रा नरम करा, पुन्हा मागून.

प्रश्न : जुनी चौकट साफ करायला चिंच चालेल? (एक वाचक, पणजी)

उत्तर : मीनाकारी असेल तर मुळीच नको, आंबटाने तिची चकाकी जाते. अमोनियाचे क्लीनरही टाळा. ठोकून ताणलेलं पितळ त्याने चिरतं. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं. खोलगट जागचा काळसरपणा मात्र राहू द्या, नक्षी त्यानेच उठून दिसते.