स्थायूतील रेणू जागच्या जागी असतात, तर कापूर उडतो कसा?

आपला प्रश्न असा आहे की, स्थायूतील रेणू ठरलेल्या जागी घट्ट बांधलेले असतात असे शाळेत शिकवतात; मग कापूर किंवा डांबरगोळी उघड्यावर ठेवली की झिजत झिजत नाहीशी का होते, आणि मिठाचा खडा मात्र तसाच का राहतो?

शाळेतले विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. स्थायूतील रेणूची जागा ठरलेली असते हे खरे. मात्र त्या जागेभोवती तो सेकंदाला साधारण लाख कोटी वेळा डोलत असतो, आणि सगळेच रेणू सारख्या जोमाने डोलत नाहीत. शेजाऱ्यांशी ऊर्जेची देवाणघेवाण अखंड चालू असल्यामुळे कोणत्याही क्षणी काही मोजक्या रेणूंच्या वाट्याला सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा आलेली असते. असा रेणू गोळीच्या पोटात असेल तर सर्व बाजूंचे शेजारी त्याला अडवतात. तोच पृष्ठभागावर असेल तर वरून धरणारे कोणी नसते आणि तो थेट हवेत निघून जातो. यालाच संप्लवन म्हणतात.

असे किती रेणू सुटतील हे त्यांना धरून ठेवणाऱ्या बलावर अवलंबून असते. डांबरगोळीतील नॅप्थलीनचे चपटे रेणू स्फटिकात एकमेकांशी तिरपे, ठरावीक नक्षीत रचलेले असतात, परंतु त्यांच्यातील आंतररेण्वीय बल क्षीण असते. मिठाची गोष्ट निराळी आहे. त्यात रेणू नसतातच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती अखंड मांडणी असते. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली. (ती सर्वांच्या पचनी पडली नाही, हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्येही ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेची खिल्ली उडवली होती.) विरुद्ध विद्युतभारांमधील हे आकर्षण इतके प्रबळ आहे की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि स्वयंपाकघरातल्या तापमानाला त्यातून जवळजवळ काहीच सुटत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ते हवेतील बाष्प शोषल्यामुळे. त्याचा संप्लवनाशी संबंध नाही.

तिघांमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटतो तो कापूर. नॅप्थलीन ८० अंशांना वितळते, कापूर मात्र सुमारे १७८ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि तरीही तो सहज उडतो. कापराचा रेणू जवळजवळ गोलसर असल्यामुळे नेहमीच्या तापमानाला तो आपली जागा न सोडता जागच्या जागी कलंडत, दिशा बदलत राहतो. म्हणजे जागांना शिस्त आहे, पण तोंडे कोणत्या दिशेला असावीत याला नाही. उणे ३० अंशांच्या आसपास थंड केल्यावरच त्यांच्या दिशाही ठरून जातात. एरवी वितळताना रेणूंना जे स्वातंत्र्य मिळते त्यातला मोठा वाटा कापराच्या रेणूंना स्थायू असतानाच मिळालेला असतो, त्यामुळे द्रव होण्यात त्यांचा फारसा लाभ उरत नाही आणि द्रवणांक वर सरकतो. उडून जाण्याला मात्र या स्वातंत्र्याची आडकाठी नसते. तेव्हा द्रवणांक जास्त म्हणजे पदार्थ कमी उडणारा, असे सरसकट धरू नये.

घट्ट झाकणाच्या डबीतही रेणू सुटत असतातच. फक्त आतली हवा त्यांच्या वाफेने भरली की जितके सुटतात तितकेच परत स्फटिकावर येऊन बसतात आणि वडी तेवढीच राहते. कापरात मिरे टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण खरे काम झाकणच करते. आपल्या कपाटातल्या गोळ्या फारच लवकर संपत असतील तर वेष्टनावरचे नाव पाहावे. हल्ली पुष्कळ गोळ्या नॅप्थलीनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात आणि त्या कितीतरी वेगाने उडतात.