तुमचे प्रश्न: एप्रिलचा हिरो किती दिवसांचा?

प्रश्न: ऑफिसातल्या मित्रांची फँटसी बेसबॉल लीग आहे, मी यंदा पहिल्यांदाच खेळतोय, आजवर फक्त क्रिकेट बघितलंय. माझ्या टीममध्ये अमेरिकेच्या मेजर लीगचा एक बावीस वर्षांचा रुकी (पहिल्याच सीझनचा प्लेयर) आहे, कुणालाच नको होता म्हणून शेवटी माझ्या गळ्यात पडला, आणि आता बघतो तर २० मॅचमध्ये .३६० ॲव्हरेज आणि ६ होमरन! एक जण त्याच्या बदल्यात जुना, भरवशाचा प्लेयर द्यायला तयार आहे. सगळे म्हणतायत चाललाय तोवर विकून टाक. काय करू?
– नवखा मॅनेजर

उत्तर: आधी तो .३६० जरा उलगडून बघू. २० मॅच म्हणजे साधारण ८० ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या (चार खराब बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो तो वॉक, तो यात धरत नाहीत). .३६० म्हणजे त्यातले २९ हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं). आता समजा हा पोरगा मुळात .२६० वाला, म्हणजे चारचौघांसारखा बॅटर आहे, तर त्याचे हिट झाले असते २१. फरक आठचा. तीन आठवड्यांत आठ हिट, बस! त्यातला एक शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसच्या मधून लोळत गेला, एक बॅटच्या टोकाला लागून फिल्डरच्या पुढ्यात टपकला, एकदा पोरगा जीव तोडून पळाला आणि थ्रो अर्धं पाऊल उशिरा आला... झाले की तीन. मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो तर .२६० वाल्याला ८० मध्ये २९ किंवा जास्त हिट निव्वळ नशिबाने मिळायची शक्यता निघाली चाळिसात एक. कमी वाटते ना? पण मेजर लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीचे ९ बॅटर, म्हणजे २७० जण, सगळेच्या सगळे .२६० चे धरले तरी एप्रिलमध्ये सहा-सात जण हिरो दिसणारच, आणि त्यातला जो बावीस वर्षांचा असेल त्याचाच फोटो सगळीकडे झळकणार.

म्हणून ॲव्हरेज बघूच नका. म्हणजे बघा, खूश व्हा, पण निर्णय त्यावर नको. बॅटिंग ॲव्हरेजवर विश्वास ठेवण्याइतका डेटा जमायला ९०० च्या आसपास ॲट-बॅट लागतात असं हिशोब करणारे सांगतात, म्हणजे दीड सीझनच्याही वर! उलट स्ट्राइकआऊटचं (बॅट फिरवून हुकलं किंवा चांगला बॉल सोडला की स्ट्राइक, तीन झाले की आऊट) प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावरच बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं आणि वॉकचं १२० च्या आसपास. तुमचा पोरगा वॉक धरून आत्तापर्यंत ९० वेळा तरी आला असेल, म्हणजे स्ट्राइकआऊटचा आकडा आजच बघता येईल आणि वॉकसाठी अजून आठवडाभर थांबायचं.

तुम्ही क्रिकेटवाले आहात म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल, ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल कोण सोडतो आणि कोण बॅट घालतो हेच बघायचं. बेसबॉलमध्ये स्टंप नाहीत एवढंच. उजव्या हाताचा पिचर (आपला बॉलर), आपला पोरगाही उजवा, दोन स्ट्राइक झालेत. स्लायडर प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पाटी) बाहेरच्या कडेवर पडणार असं वाटतं आणि शेवटच्या काही फुटांत बाहेर आणि खाली पळतो. एकतर पोराचा खांदा आधीच उघडतो, बॅट हवेत फिरते आणि कॅचर मातीतून बॉल उचलतो. नाहीतर पुढचा पाय टेकतो, हात थोडे सुटतात, पण मनगट वळत नाही, बॅट जागच्या जागी थांबते आणि अंपायर काहीच बोलत नाही. हे दुसरं दृश्य मला होमरनपेक्षा जास्त आवडतं. बायको म्हणते काहीच तर झालं नाही, टाळ्या कसल्या वाजवतोस. असो.

न सोडणाऱ्याचं काय होतं? जेफ फ्रँकोर. अटलांटा ब्रेव्ह्जचा, २००५ च्या जुलैत आला, वय २१, पहिल्याच मॅचमध्ये होमरन, ऑगस्ट संपायच्या आत एका मोठ्या स्पोर्ट्स मॅगझीनच्या कव्हरवर. त्या वर्षी ७० मॅचमध्ये .३०० आणि १४ होमरन, पण वॉक फक्त ११! दिसेल तो बॉल मारत होता आणि लागत होता. मग पिचर लोकांच्या लक्षात आलं की याला स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा बॉल, टाकायची गरजच काय. पुढच्या वर्षी .२६०, आणखी दोन वर्षांनी .२३९ आणि मधेच थोडे दिवस मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, रवानगी. वाईट प्लेयर होता असं नाही बरं का, २०१६ पर्यंत मेजर लीगमध्ये होता, पण कव्हरवर ज्याचा फोटो होता तो प्लेयर नंतर कधी दिसलाच नाही.

आणि खरी परीक्षा इथेच असते. पहिल्यांदा समोर आलेल्या रुकीला पिचर फास्टबॉल टाकून बघतात, तो फोडतो. मग प्रत्येक टीममध्ये व्हिडिओ घेऊन बसलेली माणसं असतात, ती सांगतात याला आत फास्टबॉल नको, बाहेर स्लायडर टाका. डिव्हिजनमधल्या (आपल्याच गटातल्या) चार टीमशी सीझनमध्ये प्रत्येकी १३ मॅच असतात, त्यामुळे तेच पिचर पुन्हा पुन्हा समोर येतात आणि दुसऱ्या भेटीत कुणी ओळख दाखवत नाही. तेव्हा मे महिन्यात त्याला फास्टबॉल कमी यायला लागले का बघा, आणि आले नाहीत तर तो काय करतो ते बघा.

होमरनचं जरा वेगळं. नशिबाने हिट मिळतो, पण ताशी १०५ मैलांनी बॉल नशिबाने जात नाही, अंगात ताकद लागते. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या पार्कमध्ये बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग मोजतात, आकडे नेटवर फुकट बघायला मिळतात, ९५ मैलांच्या वर गेला की जोरात मारलेला धरतात. सहाही होमरन दणदणीत असतील तर ताकद खरी. दोन-तीन भिंतीवरून जेमतेम निसटले असतील तर मग बघू.

तरीपण हे काही पक्कं गणित नाही हो. २००६ मध्ये डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टनने पहिल्या १३ मॅचमध्ये ९ होमरन मारले, एप्रिलमध्ये १०, आणि अख्ख्या वर्षात १६! जुलै संपता संपता त्याला मायनरमध्ये पाठवलं, टीम वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, पोचली तेव्हा हा त्यात नव्हता. आणि २०१६ मध्ये कोलोराडोचा ट्रेव्हर स्टोरी, पहिल्या ६ मॅचमध्ये ७ होमरन, त्याचेही एप्रिलमध्ये १०. स्ट्राइकआऊट भरमसाट, ९७ मॅचमध्ये १३०, शिवाय घरचं मैदान डेन्व्हरचं, उंचीवर, हवा विरळ, बॉल लांब जातो. माझ्या हिशोबाने हाच आपटायला हवा होता. तर अंगठा दुखावून बाहेर बसेपर्यंत २७ होमरन, आणि २०१८ ला ३७. पहिले चार ॲरिझोनात मारले होते, डेन्व्हरमध्ये नाही, याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

तुमच्या ट्रेडबद्दल म्हणाल तर आठवडाभर थांबा. वॉक १०-१२ च्या पुढे गेले आणि स्ट्राइकआऊट चारातून एकदाच्या आसपास असतील तर ठेवा, तो .३६० राहणार नाही, .२८० ला येईल, तेही सोनंच आहे. वॉक तीन-चारच असतील आणि समोरचा अजूनही .३६० चा भाव देत असेल तर हसतमुखाने देऊन टाका.

प्रश्न: पिचरलाही हेच लागू का? माझा एक तरुण पिचर पाच मॅच झाल्या तरी रनच देत नाहीये.
– लेफ्टी

उत्तर: लागू, फक्त खाली येणं म्हणजे फ्लॉप होणं नाही हे लक्षात घ्या. १९८१ मध्ये डॉजर्सचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला, वय २०, पहिल्या आठ स्टार्टमध्ये (सुरुवातीपासून पिचिंग केलेल्या मॅच) आठ विजय, पाच शटआऊट (एकही रन न देता), ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, ०.५०. असा आकडा टिकणारच नव्हता, त्यानंतर तो ५ जिंकला आणि ७ हरला. सीझनचा ईआरए २.४८ झाला आणि त्याला रुकी ऑफ द इयर आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) दोन्ही एकाच वर्षी मिळालं, असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही. त्याचा स्क्रूबॉल (नेहमीच्या उलट दिशेने वळणारा बॉल) सगळ्यांना माहीत होता, तरी मारता येत नव्हता. तुमच्या पिचरचे स्ट्राइकआऊट मोजा, फिल्डरांच्या जिवावर रन वाचत असतील तर मात्र काळजी करा.

प्रश्न: माझ्या आवडत्या रुकीची सुरुवात इतकी वाईट झालीये की बघवत नाही. सोडून देऊ?
– दुःखी फॅन

उत्तर: दिग्गज विली मेजची १९५१ ची सुरुवात बघा. पहिल्या १२ ॲट-बॅटमध्ये शून्य, मग पिचर वॉरन स्पानला एक होमरन, मग पुन्हा शुकशुकाट, एकूण २६ मध्ये १. त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर तोच. आठ हिट जसे फुकट मिळतात तसे आठ हिट चोरीलाही जातात, लाइन ड्राइव्ह (जोरात मारलेले सपाट फटके) सरळ फिल्डरच्या ग्लव्हमध्ये जात असतील तर थांबा.

प्रश्न: सीझनच्या पहिल्याच दिवशी तीन होमरन मारणारा कुणी होता म्हणे, पुढे त्याचं काय झालं? पैज लागलीये.
– पैजवाला

उत्तर: टफी ऱ्होड्स, शिकागो कब्ज, १९९४, पिचर ड्वाइट गुडन. त्या सीझनमध्ये एकूण ८ होमरन झाले आणि मेजर लीगची सगळी कारकीर्द धरून १३. तुमचा मित्र ‘फ्लॉप’ म्हणत असेल तर त्याला विचारा कुठल्या देशात, कारण नंतर हा जपानला गेला आणि तिथे त्याने ४६४ मारले, एका वर्षात तर ५५. पैज कशी लावलीये त्यावर आहे सगळं.