रॅम वाढवायची म्हणून कॅसलर बंद करू नको

पाह्य भाऊ, चालू मशीनला रॅम जोडता यावी म्हणून तू कॅसलर (लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, मेमरीतले पत्ते दर बूटला बदलणारं संरक्षण) बंद करणारा 'नोकॅसलर' पर्याय देऊन बूट करतोस, ते आधी सोड.

लिनक्स 4.8 पासून, म्हणजे 2016 पासून, कर्नल सगळ्या रॅमचं डायरेक्ट मॅपिंग, म्हणजे रॅमचा थेट नकाशा, दर बूटला वेगळ्या पत्त्यावर मांडू शकतं. घुसखोराला पत्ता आधी कळू नये म्हणून. पण मांडणी एकदा झाली की हलत नाही, त्यामुळे नव्या रॅमची जागा बूटलाच राखावी लागते. पहिल्या वेच्याचा कापूस घरात रचताना आपण दुसऱ्या वेच्याला कोपरा सोडतो, तसंच. एक्स86-64 वर (नेहमीचे 64-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसर) हॉटप्लग, म्हणजे चालू मशीनला रॅम जोडायची सोय, चालू असेल तर ही राखीव जागा, म्हणजे पॅडिंग, मुळातच 10 टेराबाइट असते. आपल्या कामाला ती रग्गड झाली, तिला हात लावू नको.

सराव क्यूईएमयूवर, म्हणजे मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, कर. लाइन गेली तरी लॅपटॉपवर चालतं. सुरू करतानाच रॅमचे स्लॉट आणि कमाल मेमरी सांग. जोडल्यावर 'फ्री' कमांडमध्ये आकडा वाढला नाही तर घाबरू नको. माझी अख्खी रात्र त्यात गेली होती, अन् नव्या रॅमचे ब्लॉक (तुकडे) नुसते 'ऑफलाइन' पडले होते. ब्लॉकच्या 'स्टेट' फाइलीत 'ऑनलाइन' लिहिलं, झालं. ब्लॉक साइझच्या फाइलीत 8000000 दिसेल. तो आकडा हेक्समधला (16 च्या पायावरचा) आहे बाप्पा, म्हणजे 128 एमबी.